बोरसे सरांना आयतं चालत नाही

बोरसे सर आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी कप हातात घेतला, वास घेतला आणि मला विचारलं, "ताई, याला काय काय लागतं?"

मला वाटलं, चहा आवडला, कृती विचारतायत. मी कौतुकाने सांगितलं. पाणी, साखर, पत्ती, दूध, थोडं आलं.

"आणि दुधाला?"

म्हैस, मी म्हटलं.

"आणि म्हशीला?"

कडबा, ढेप. ढेपेला सरकी. सरकीला कपाशी. कपाशीला काय लागतं ते मी आठवत होते तोवर चहावर साय धरली होती. सरांनी ती बोटाने बाजूला सारली, चहा एका घोटात संपवला आणि समाधानाने म्हणाले, "बघा ताई, एका कपामागे केवढं लटांबर आहे. आणि त्यात आलं उगाच आहे."

तेव्हापासून सरांच्या चहात आम्ही आलं घातलं नाही. आमचे हे म्हणाले, आता साखर उगाच आहे म्हणायच्या आत त्यांना जाऊ दे.

धुळ्याला देवपुरात आमची आणि बोरसे सरांची भिंत एक. कॉलेजातही तसंच. मी रसायनशास्त्र शिकवायची, ते भौतिकशास्त्र, आणि मधला दरवाजा कायम उघडा, कारण त्याची कडी सरांनी "नीट मुळापासून" दुरुस्त करायला म्हणून काढली ती परत बसलीच नाही. मुळापासून हा त्यांचा शब्द. स्टूल आणायला बाजारात गेले तर फळी आणि खिळे घेऊन परत यायचे. स्टूल झालं की त्यावर आधी स्वतः बसून दाखवायचे, आणि आम्ही आपले आमच्या खुर्च्यांवरच बसायचो.

साक्रीकडच्या एका खेड्यातला हा माणूस. लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांची माय. एका हिवाळ्यात कॉलनीने भरिताचा बेत केला. सर म्हणाले, गॅसवर भाजलेलं वांगं म्हणजे भरीत नव्हे, तुरीच्या काड्या पाहिजेत. ठीक आहे, म्हटलं, पाहिजेत. काड्या गावाहून पाहिजेत म्हणाले. त्या त्यांनी एसटीच्या टपावर टाकून आणल्या. मग ठेचा पाट्यावर पाहिजे, तर पाटा गुळगुळीत झालेला, त्याला टाकी लावलेली नव्हती, म्हणून टाकी लावणारा शोधायला सर सायकलवर गेले. भरीत तयार झालं तेव्हा निम्मी कॉलनी घरी जाऊन खिचडी खाऊन आली होती. माय ओट्यावर बसून शांतपणे म्हणाली, "ह्याले भूक लागनी ते हाऊ पहिले वांगा पेरस."

अशा माणसाच्या हातात नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी कॉलेजने नवी कॉम्प्युटर लॅब दिली. आठ मशीन, एक वातानुकूलन यंत्र जे गरम हवा फेकायचं, आणि धुळ्याची वीज, जी यायची तेव्हा यायची.

मला कॉम्प्युटरमधलं कळतं ते भिंतीपलीकडून ऐकून. पण तेवढं सांगते. प्रोग्रॅम दोन तऱ्हेने मिळतो. एक तयार, सीडी घातली की चालू. दुसरा म्हणजे सोर्स, माणसाने लिहिलेली मूळ कृती. ती कृती कंपायलर नावाचा प्रोग्रॅम वाचतो आणि त्यातून मशीनला चालणारा प्रोग्रॅम काढतो. दुकानात गोळी मिळत असताना तुम्ही औषधाचे घटक आणून खलात कुटत बसलात, तर त्याला म्हणायचं सोर्सपासून कंपाइल करणं. बोरसे सरांना दुसरं काही चालायचंच नाही.

लॅबच्या काळ्या पडद्यावर ओळीमागून ओळ सरकत असायची आणि सर हाताची घडी घालून समोर बसलेले असायचे. कुठवर आलं विचारलं की म्हणायचे, "शिजतंय." दुपारी वीज जायची. सगळं पहिल्यापासून. पुन्हा "शिजतंय."

एकदा प्राचार्य आले. संस्कृतचे माणूस. बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाले, "बोरसे, हे तयार मिळत नाही का?"

"मिळतं, सर."

"मग?"

"म्हणूनच, सर."

प्राचार्य गेले ते डोकं हलवत गेले. जाताना मात्र एक सांगून गेले. मार्चमध्ये प्रॅक्टिकलची परीक्षा आहे, बाहेरून परीक्षक येणार, पोरांनी त्यांच्यासमोर प्रोग्रॅम लिहून तिथल्या तिथे चालवून दाखवायचे. त्या दिवशी मशीन अडल्या तर लॅब मी बाहेरच्या कंत्राटदाराला देऊन टाकीन आणि तुम्ही पुन्हा फिजिक्सच्या लॅबमध्ये लंबक हलवा.

सरांना यात काळजीचं काही दिसलं नाही. जुना कंपायलर प्रत्येक मशीनवर होताच आणि पोरांचं त्यावर बरं चाललं होतं. नवा मुळापासून बांधायचा हा सरांचा छंद. आणि त्या छंदाला दर रविवारी जळगावहून खतपाणी यायचं.

खतपाणी म्हणजे चौधरीभाऊ. मूळचे यावलचे, केळीच्या बागांतले. बोरसे सर आणि ते कॉलेजात एका खोलीत राहिलेले. चौधरीभाऊंचा जळगावात कॉम्प्युटरचा क्लास होता. रविवारी सकाळच्या एसटीने ते यायचे, एका हातात केळ्यांची फणी, दुसऱ्या हातात पिशवी, आणि फाटक उघडायच्या आधीच बोलायला लागायचे. "अरे बापा, बोरसे, तू जे मागच्या रविवारी म्हणाला ना, ते साफ चूक."

वाद एकच होता. तो आठवडेच्या आठवडे चालला. प्रोग्रॅम बांधताना कोणत्या क्रमाने काय करायचं याची सूचनांची यादी लागते. काही लोक ती सोर्सबरोबर लिहूनच देतात. काही म्हणतात, यादी लिहिणारं एक अवजार आहे, ते आधी बसवा, ते तुमची मशीन बघून यादी लिहील. त्या अवजाराला दुसरं अवजार लागतं. दुसऱ्याला तिसरं. याला ते दोघं डिपेन्डन्सी म्हणायचे, आणि असा आवाज चढवून म्हणायचे की पहिल्यांदा मला ते कुणा बाईचं नाव वाटलं.

"घर बांधायला परांची लागते, मान्य," बोरसे सर म्हणायचे. "पण परांची उभी करायला दुसरी परांची मागायची नाही."

"तुही मशीन येगळी, माही येगळी," चौधरीभाऊ केळं सोलत म्हणायचे. "ते अवजार दोघायचं पाहून लिहितं. तू काय हातानं लिहीत बसशील?"

"बसेन."

"आनि चुकशील."

"चुकेन. पण चूक माझी असेल."

एका रविवारी चौधरीभाऊंनी सांगितलं की यातलं एक अवजार असं आहे, ते बांधायला तेच अवजार आधी बसवलेलं लागतं. बोरसे सर उठून उभेच राहिले. "म्हणजे स्वतःच्या बारशाला स्वतःच पाहुणा?"

"त्यात काय झालं? दही लावायले दहीच लागतं ना? विरजण शेजारून आनतोच ना आपन?"

"म्हणूनच मी दही खात नाही."

"काल वाटीभर खादं ना रे," माय आतून म्हणाली.

मी त्या रविवारी पापडाचं पीठ द्यायला गेले होते ती जेवायच्या वेळेपर्यंत तिथेच बसले. असं खूपदा व्हायचं. दोघं एकमेकांवर ओरडायचे, कागदावर बाण काढायचे, ते बाण फिरून पुन्हा पहिल्या ठिकाणी आले की दोघंही टाळ्या पिटायचे, एक विजयाच्या, दुसरा संतापाच्या. माय ताटं मांडायची आणि म्हणायची, "त्या चौधरीले पहिले खावाले दे, मंग भांडा." जेवताना तेवढी शांतता. मग बडीशेप, मग पुन्हा डिपेन्डन्सी. शेवटच्या गाडीला चौधरीभाऊ पळत सुटायचे आणि पळता पळता मागे वळून मुद्दा सांगायचे.

परीक्षेला आठ दिवस उरले होते त्या रविवारी मात्र बिनसलं.

चौधरीभाऊंनी पिशवीतून सीडी काढली. "हे घे. नवा कंपायलर, तयार. बठ्ठ्या आठ मशीनवर टाक, अर्ध्या दिवसाचं काम. परीक्षेत तुहं नाव होईल."

"आयतं नको."

"अरे बापा, तू मुळापासून मुळापासून करतो. पन तुहा जुना कंपायलर कुठून आला? तो कोनीतरी बनवूनच दिलाय ना? मंग तू कोनता सोवळा?"

हा घाव वर्मी बसला. बोरसे सरांनी समोरचा बाणांचा कागद चुरगळला. मग म्हणाले, "मी कुणावर अवलंबून नाही."

"मंग मी इतक्या दुरून कामून येतो?"

"तुला कोण बोलावतं? तूच येतोस."

चौधरीभाऊंनी चष्मा काढून पुसला, परत घातला. सीडी पिशवीत ठेवली. केळ्यांना अजून कुणी हात लावला नव्हता, ती तशीच उचलली. माय म्हणाली, "जेवन ते करी जाय रे भाऊ." त्यांनी वाकून मायला नमस्कार केला आणि स्टँडकडे चालू लागले. पळाले नाहीत, गाडीला पुष्कळ वेळ होता.

पुढे बुधवारी मी पोरांकडून क्षार ओळखून घेत होते, तेव्हा मधल्या बिनकडीच्या दारात बोरसे सर येऊन उभे राहिले.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्याकडे कंपायलर आहे का?"

मी म्हटलं, बर्नर आहे.

ते स्टुलावर बसले आणि काय झालं ते सांगितलं. चौधरीचं बोलणं त्यांच्या मनात रुतून बसलं होतं. जुना कंपायलर आयता आहे, म्हणजे त्याच्या आधाराने बांधलेला नवाही उष्टाच. तेव्हा त्यांनी विचार केला, आधी जागा स्वच्छ करू. सगळ्या मशीनवरून जुना कंपायलर पुसला. झाडून पुसून घेतल्यासारखं वाटलं म्हणे. मग प्रसन्न मनाने नवा कंपायलर बांधायची आज्ञा दिली, आणि मशीनने विचारलं, कशाने बांधू?

"म्हणजे शिडीवर उभं राहून तुम्ही शिडी काढलीत," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "पण फार व्यवस्थित काढली."

मला हसू आवरेना. पण सोमवारी परीक्षा. पोरं एकही प्रोग्रॅम चालवू शकणार नव्हती, आणि प्राचार्यांचा कंत्राटदार तयारच होता. बोरसे सरांचा जीव त्या लॅबमध्ये होता हे साऱ्या कॉलेजला माहीत. मी म्हटलं, चौधरीभाऊंकडे सीडी आहे. फोन करा.

फोनवर नको म्हणाले. गेलं पाहिजे. आणि मग खाली बघून म्हणाले, "ताई, तुम्ही सोबत याल का? मागायची मला सवय नाही."

माझी बहीण जळगावला असते, तेवढं निमित्त मला पुरलं. शनिवारी आम्ही निघालो. पारोळा येईपर्यंत सर मागण्याची तालीम करत होते. "'जरा ती सीडी बघू' असं म्हणू? की 'सीडी असेल तर' म्हणू? असेल तर म्हटलं की तो म्हणेल नाही. मागायला काय काय लागतं, ताई?"

तोंड लागतं, मी म्हटलं. पुढच्या सीटवरचे बाबा वळून आमच्याकडे बघू लागले तशी मी त्यांना गप्प केलं.

चौधरीभाऊंचं घर पहिल्या मजल्यावर. जिन्याखाली क्लासची पाटी होती, भिंतीवर नव्हे, दोन विटांवर आडवी टाकलेली, आणि तिच्यावर वहिनींनी पापड वाळत घातले होते. मी थबकले. बोरसे सर तिच्याकडे न बघता वर गेले.

दार चौधरीभाऊंनीच उघडलं. अंगात बनियन, दाढीचे खुंट वाढलेले. आम्हाला बघून ते दारातच उभे राहिले. तालीम केलेलं एकही वाक्य बोरसे सरांना आठवलं नाही.

"चौधरी," ते म्हणाले, "तुझ्याशिवाय अडलंय. मी कंपायलर पुसला."

"कोनता?"

"जुना."

"नवा बांधायच्या आंधी?"

"हो."

"बठ्ठ्या मशीनवरचा?"

"बठ्ठ्या."

चौधरीभाऊ हसायला लागले. उंबऱ्यावर बसले आणि पोट धरून हसले. आतून वहिनी धावत आल्या, त्यांना वाटलं काही दुखतंय. "अरे बापा," ते डोळे पुसत म्हणाले, "मी असतो तं थांबवलं असतं ना तुले."

"तेच म्हणतोय. तू नव्हतास."

यावर चौधरीभाऊ एकदम उठले. दाढी करतो, अंघोळ करतो, लगेच निघू, उद्या दिवसभर बसून सगळ्या मशीन उभ्या करू, असं म्हणत आत पळाले. वहिनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "रविवारपासून आज बोलले."

मला तहान लागली होती. पाण्याची बाटली सरांच्या बॅगेत होती. ते गॅलरीत उभे होते. मी बॅग उघडली, बाटली काढली, आणि तिच्याखाली टॉवेलात गुंडाळलेली सीडी दिसली. तीच. चौधरीभाऊंनी रविवारी दाखवली होती तीच, तसंच वेष्टन. ती एका मासिकाबरोबर मिळायची आणि ते मासिक धुळ्याच्या स्टँडवरही मिळायचं.

मी ती घेऊन गॅलरीत गेले. "सर, मग आपण जळगावला कशाला आलो?"

ते दचकले. आधी आतल्या बाजूला बघितलं. नळाचा आवाज येत होता.

"पुसण्याचा मूर्खपणा खरा होता, ताई," ते म्हणाले. "तो मी तुमच्यापासून लपवला नाही. सीडीने त्याच दिवशी काम झालं असतं."

"मग?"

"त्याचा क्लास दिवाळीतच बंद झाला. गावात मोठे क्लास आले, पोरं तिकडे गेली. मी तेव्हा येऊन गेलो होतो, पाटी उतरलेली पाहिली. त्याने मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. रविवारी येऊन माझ्याशी भांडतो, तेवढाच त्याचा आठवडा आहे." त्यांनी पुन्हा एकदा आत बघितलं. "माझाही तेवढाच आहे. आणि मी त्याला म्हटलं, तुला कोण बोलावतं."

इतकी वर्षं शेजारी राहून मी या माणसाला विक्षिप्त म्हणून हसत आले, आणि हसण्यासारखा तो होताच. पण दर रविवारी तो हट्टाने वाद का चालू ठेवायचा, त्यामागे मुळापासूनच्या वेडाशिवाय आणखीही काही असेल असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. दोघांचा वाद मिटला असता तर चौधरीभाऊंना धुळ्याला यायला कारण उरलं नसतं. मी सीडी परत टॉवेलात गुंडाळली आणि बॅगेच्या तळाशी ठेवली. सर म्हणाले, अजून खाली ठेवा.

परीक्षेचं सांगून टाकते. रविवारी दोघांनी चौधरीभाऊंच्या सीडीवरून सगळ्या मशीन उभ्या केल्या, सोमवारी पोरांनी प्रोग्रॅम चालवून दाखवले, परीक्षकांना काही कळलं नाही, प्राचार्यांनाही नाही. कंत्राटदार आला नाही.

पण मला आठवते ती शनिवारची परतीची एसटी. बहिणीकडे जायचं मी विसरले ते विसरलेच. चौधरीभाऊ दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर केळ्यांची फणी घेऊन बोरसे सरांच्या शेजारी बसले होते आणि मी त्यांच्या मागच्या सीटवर. जळगाव सुटायच्या आत वाद सुरू झाला. अवजार हवं की नको. कंडक्टरने दोनदा विचारलं, भाऊ, कुठलं तिकीट. एक म्हणाला नको, दुसरा म्हणाला हवंच.

एरंडोलच्या जवळपास चौधरीभाऊ मांडीवर थाप मारून म्हणाले, "अन् ऐक. ते अवजार एकदा टाकलं ना, की कायमचं. पुन्हा हात लावायचं काम नाही."

हेच अवजार त्यांनी स्वतः आमच्या लॅबमध्ये तीनदा काढून तीनदा पुन्हा बसवलं होतं, प्रत्येक वेळी ते लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. मी रसायनशास्त्राची बाई, पण याचं उत्तर मलासुद्धा आलं असतं. मी सीटवर पुढे सरकून बोरसे सर आता काय म्हणतात याची वाट बघत बसले.

सर खिडकीतून केळीच्या बागांकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "हो रे. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं."

चौधरीभाऊ गर्रकन मागे वळले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "ताई, ऐकलं का? हो म्हनाला हा. तुम्ही साक्षीदार."

ऐकलं, मी म्हटलं.

पारोळ्यापर्यंत ते नुसते बोलत होते. पुढच्या रविवारी आपण दुसऱ्या अवजाराचं बघू, त्यातबी तू चूक आहेस, मी सकाळची पयलीच गाडी धरतो.

"धर," बोरसे सर म्हणाले. "नक्की धर. मी बोलावतोय."